पुनरुत्थान : कॅथलिक श्रद्धेचा कणा

ख्रिस्ती समाजाचा सर्वांत मोठा सण कोणता, या प्रश्नाला मुंबईकर हमखास 'नाताळ' असे उत्तर देतो. बाजारपेठेच्या हिशेबाने ते खोटेही नाही. गिरगावातील खोताच्या वाडीत किंवा दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या परिसरात डिसेंबरअखेर जी रोषणाई असते, तशी ईस्टरला दिसत नाही. धर्मशास्त्राचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे. २५ डिसेंबरचा सण ख्रिस्तसभेत चौथ्या शतकात रुळला; येशूच्या पुनरुत्थानाचा सण त्याच्या कितीतरी आधीपासून पाळला जात होता, आणि तो नेमका कोणत्या दिवशी पाळावा यावरून दुसऱ्या शतकातच कडाक्याचे वाद झाले होते. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान या दोघांनी येशूच्या जन्माची कथा सांगितलेलीच नाही. रिकाम्या कबरीची वार्ता मात्र चौघेही देतात. संत पौलाने इ. स. ५४-५५च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिले. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल, तर या धर्मात काही अर्थच उरत नाही, इतकी टोकाची भूमिका त्यात घेतली आहे. आपला सारा धर्म एकाच घटनेवर पणाला लावणारी अशी भाषा धर्मग्रंथांत क्वचितच आढळते.

घटना काय सांगितली जाते?

रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या अमलात, इ. स. ३०च्या सुमारास, येशूला जेरुसलेमबाहेर क्रुसावर खिळण्यात आले. तो शुक्रवार होता. सूर्यास्तानंतर यहुद्यांचा शब्बाथ सुरू होणार असल्याने अरिमथाईच्या योसेफाने घाईघाईने मृतदेह खडकात खोदलेल्या कबरीत ठेवला आणि दारावर धोंड लोटली. रविवारी पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन आलेल्या स्त्रियांना कबर रिकामी दिसली. त्यानंतर मग्दालाची मारिया, पेत्र, अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्य, बंद दाराआड बसलेले प्रेषित अशा अनेकांना येशूचे दर्शन झाले, अशी ही साक्ष आहे. पौलाने आपल्या पत्रात साक्षीदारांची यादीच दिली असून, पाचशेहून अधिक लोकांना एकाच वेळी झालेल्या दर्शनाचाही उल्लेख केला आहे.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. येशू कबरीतून उठतानाचे वर्णन चारही शुभवर्तमानांत कोठेच नाही. युरोपीय चित्रकारांनी हातात ध्वज घेऊन कबरीतून बाहेर पडणारा ख्रिस्त शेकडो वेळा रंगवला. पण तो क्षण कोणी पाहिल्याचा दावा मूळ ग्रंथ करीत नाहीत. १९९२मध्ये प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथही हे स्पष्टपणे मान्य करतो. रिकामी कबर हा स्वतःहून पुरावा ठरत नाही, ती एक खूण आहे, असे त्याचे म्हणणे आहे. कबर रिकामी असण्याची कारणे अनेक असू शकतात. खरा भार आहे तो दर्शनांवर, आणि भीतीने लपून बसलेल्या शिष्यांमध्ये पुढे झालेल्या बदलावर. म्हणूनच पुनरुत्थान ही घटना इतिहासात घडली, तिच्या खुणा इतिहासात सापडतात, परंतु ती इतिहासाच्या मापात पूर्ण मावत नाही, अशी दुहेरी भूमिका कॅथलिक धर्मशास्त्र घेते.

पुनर्जन्म नव्हे

मराठी वाचकाची पहिली अडचण शब्दापाशीच होते. 'पुनरुत्थान' आणि 'पुनर्जन्म' हे दोन शब्द एकाच घरातले वाटतात. कल्पना मात्र परस्परविरोधी आहेत. जीर्ण वस्त्रे टाकून नवी धारण करण्याचा गीतेतील दृष्टान्त आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात आत्मा नित्य, तर देह बदलता. कॅथलिक विचारात देह हे वस्त्र नाही. देह आणि आत्मा मिळून एक माणूस होतो, आणि त्या माणसाला एकदाच जन्म आणि एकदाच मृत्यू आहे. तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी तर केवळ आत्मा वाचला म्हणजे 'मी' वाचलो असे होत नाही, असे प्रतिपादन केले होते. आत्म्याच्या अमरत्वावर थांबणारा ग्रीक विचार त्यांना अपुरा वाटला तो यामुळेच.

दुसरी गल्लत होते ती मेलेला माणूस जिवंत होण्याशी. येशूने लाझरसला कबरीतून बाहेर बोलावले, याईराच्या मुलीला उठवले, नाईन गावच्या विधवेचा मुलगा तिला परत दिला, असे शुभवर्तमाने सांगतात. हे तिघेही पुढे पुन्हा मरण पावले असणार, कारण ते पूर्वीच्याच आयुष्यात परतले. येशूच्या बाबतीत तसे घडले नाही, असा ख्रिस्तसभेचा आग्रह आहे. तो मागे आला नाही, पलीकडे गेला. दर्शनांच्या कथांमध्ये हा फरक मोठ्या मार्मिकपणे आला आहे. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत, तो शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. आणि तरीही तो बंद दारांतून आत येतो, निकटच्या लोकांनाही चटकन ओळखू येत नाही. मग्दालाची मारिया तर त्याला माळी समजते. देह तोच, पण त्याची अवस्था वेगळी. पौलाने यासाठी बी आणि रोपट्याचा दृष्टान्त योजला आहे. जमिनीत जाते ते बी आणि वर येते ते रोप. दोन्ही एकच, तरी दिसायला सारखे नाही.

महाराष्ट्रात तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची परंपरा सांगितली जाते. त्यामुळे देहासह परलोकी जाण्याची कल्पना येथील मनाला परकी नाही. कॅथलिक परंपरेत त्याच्याशी जवळचे नाते सांगेल अशी गोष्ट म्हणजे मारियामातेचे स्वर्गोन्नयन. पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी तो अधिकृत श्रद्धेचा भाग म्हणून घोषित केला. त्याचा सण १५ ऑगस्टला येतो, त्यामुळे मुंबईतील चर्चमध्ये त्या दिवशी झेंडावंदन आणि सणाची मिस्सा असे दोन्ही कार्यक्रम होतात. येशूच्या कथेत मात्र एक पायरी टाळता येत नाही. तो खरोखर मेला, हे मान्य केल्याशिवाय तो उठला या म्हणण्याला अर्थ राहत नाही. प्रत्येक रविवारी म्हटल्या जाणाऱ्या विश्वासांगीकारात 'मरण पावला' आणि 'पुरला गेला' हे दोन्ही उल्लेख म्हणूनच जपलेले आहेत.

संशयाची परंपरा

या श्रद्धेवर संशय घेणारे आधुनिक काळातच निघाले असे नाही. पहिला संशयी प्रेषितांमध्येच होता. थोमाने जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवण्यास नकार दिला. इ. स. ५२मध्ये भारतात आला असे केरळचे ख्रिस्ती परंपरेने मानतात तो हाच थोमा. शिष्यांनी देह चोरला, हा आक्षेप मत्तयच्या शुभवर्तमानातच नोंदलेला आहे. दुसऱ्या शतकात सेल्ससने स्त्रियांच्या साक्षीची टर उडवली. अठराव्या शतकात जर्मन विद्वान रायमारुसने शिष्यांवर सरळ लबाडीचा आरोप केला, तर विसाव्या शतकात बुल्टमानने दर्शनांकडे शिष्यांच्या अंतरंगात जागलेल्या श्रद्धेची भाषा म्हणून पाहिले. कबरीपाशी किती स्त्रिया होत्या, देवदूत एक होता की दोन, याबाबत शुभवर्तमानांचे तपशील जुळत नाहीत, हेही खरे. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर दर्शनांचा भागच नाही. भयभीत स्त्रिया कबरीपासून पळून जातात, तेथे ग्रंथ थांबतो.

श्रद्धावंतांचे उत्तर असे, की रचलेली कथा इतकी विस्कळीत नसते. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. बनाव करायचा असता तर मुख्य साक्षीदार म्हणून मग्दालाच्या मारियेला कोणी उभे केले नसते. हा युक्तिवाद वजनदार आहे, निर्णायक नाही. मग्दालाच्या मारियेला तिचा मान मिळायला मात्र वेळ लागला. २०१६मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

भारतात आणखी एक कथा वारंवार डोके वर काढते. येशू क्रुसावर मरण पावला नाही, तो काश्मीरला आला आणि श्रीनगरच्या रोजाबल येथे त्याची कबर आहे, असा हा दावा. त्याची मांडणी अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली. पर्यटकांमध्ये ती लोकप्रिय असली तरी तिला इतिहासाचा भक्कम आधार नाही. ख्रिस्तसभा, सर्वसाधारण मुस्लिम मत आणि बहुतेक इतिहासकार असे तिघेही आपापल्या कारणांनी ती नाकारतात.

मराठी रूप

मुंबईच्या कॅथलिकांची ही श्रद्धा इंग्रजीतून आली, असा समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. १५७९मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुईट फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची सारी कथा ओवीत बांधली. १६१६मध्ये राचोल येथे छापलेल्या या 'क्रिस्तपुराणा'च्या पहिल्या भागात ३६ आणि दुसऱ्या भागात ५९ अवस्वर आहेत. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, आणि देवनागरी लिपीतील त्याची छापील आवृत्ती शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली पुण्यात निघाली ती १९५६मध्ये. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरायला स्टीफन्स कचरले नाहीत. ज्या श्रोत्यांनी पुराणे ऐकली होती, त्यांना पुनरुत्थान त्यांच्याच भाषेत सांगायचे तर दुसरा मार्ग नव्हता.

शब्दांची ही ओढाताण पुढेही चालू राहिली. 'पास्का' हा सणाचा शब्द हिब्रूतून, ग्रीक-लॅटिन वळणे घेत, पोर्तुगीजांबरोबर कोकणपट्टीत आला. त्याच मूळ यहुदी सणाला मराठी बायबलने 'वल्हांडण' असे नाव दिले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांच्या २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सुबोध बायबल'ने हा मजकूर आजच्या मराठीत आणला. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही दिब्रिटो यांच्याकडे आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये लोकभाषेतील उपासनेला परवानगी देईपर्यंत गिरगाव-दादरच्या कॅथलिकांनी ईस्टरची मिस्सा लॅटिनमध्येच ऐकली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आगीपासून रविवारपर्यंत

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार, हा नियम ३२५मधील निकियाच्या परिषदेनंतर रूढ झाला. त्यामुळे सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो. आदल्या शनिवारी रात्री चर्चचे दिवे मालवलेले असतात. आवारात नवा अग्नी पेटवला जातो आणि त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती प्रज्वलित होते. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले आणि शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात. पाच जखमांची खूण म्हणून ऊदाचे पाच खडे बसवलेले असतात. या एका ज्योतीवरून हातोहात शेकडो मेणबत्त्या पेटत जातात. सृष्टीच्या निर्मितीपासूनची वाचने होतात, घंटा वाजू लागतात, पाणी आशीर्वादित केले जाते. बाप्तिस्म्याचा येथे थेट संबंध आहे. पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे आणि बाहेर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे, असा त्याचा अर्थ लावला जातो. १५९६मध्ये फ्रान्सिस्कन संन्याशांनी स्थापन केलेल्या दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये हा विधी आता चार्ल्स कोरिया यांनी १९७०च्या दशकात रचलेल्या वास्तूत होतो. नावात 'पोर्तुगीज' आणि इमारत काँक्रीटची, हा मुंबईचाच खाक्या.

पुनरुत्थानाचा सर्वांत मोठा ठसा मात्र चर्चबाहेर आहे, आणि तो सर्वांच्या अंगवळणी पडल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे रविवार. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून ख्रिस्ती लोकांनी शनिवारऐवजी हा दिवस उपासनेचा ठरवला. ३२१मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाइनने तो विश्रांतीचा दिवस केला, आणि इंग्रजी अमलाबरोबर तो मुंबईत आला. कचेऱ्यांना सुटी मिळाली, पण परळ-लालबागच्या गिरण्यांतील कामगारांना नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी अनेक वर्षे झुंज दिली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटीची मागणी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असे एक कारण त्या वेळी पुढे केले गेले, असे सांगितले जाते. येशूच्या रिकाम्या कबरीपासून निघालेला वार गिरणगावात जेजुरीच्या वाटेने पोचला, असे म्हणायला हरकत नाही.

देहाचे काय करायचे?

येशू उठला, एवढ्यावर ही श्रद्धा थांबत नाही. तो पहिला, त्याच्यामागून सारे उठणार, असा तिचा उत्तरार्ध आहे. मरणानंतर प्रत्येकाचा स्वतंत्र न्याय लगेच होतो, अशी शिकवण पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६मध्ये पक्की केली. युगान्ती मात्र सर्वांना आपापले देह परत मिळतील, असे १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने आधीच सांगून ठेवले होते. मधल्या काळात मृतांच्या शुद्धीसाठी प्रार्थना करायची, म्हणून महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा. २ नोव्हेंबरला शिवडीच्या दफनभूमीत मेणबत्त्या आणि फुले घेऊन येणाऱ्या कुटुंबांची गर्दी होते ती याच श्रद्धेपोटी.

या दफनभूमीची जागा पूर्वी एका कृषी-उद्यान संस्थेच्या बागेची होती. १८६५च्या सुमारास, आर्थर क्रॉफर्ड पालिका आयुक्त असताना, ती युरोपीयांच्या दफनासाठी घेण्यात आली. बोरीबंदरचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स येथेच विसावले आहेत. दक्षिण आणि मध्य मुंबईतील कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथेच आपल्या माणसांना पोचवीत आली. शहर वाढले, जागा वाढली नाही. आता बहुतेकांच्या वाट्याला येते ती तात्पुरती कबर. काही काळाने अस्थी काढून त्या भिंतीतील कोनाड्यात ठेवल्या जातात आणि जमीन पुढच्यासाठी मोकळी होते. जमीन विकत घेऊन कायमची कबर बांधणाऱ्यांच्या वारसांना हा बदल जड जातो.

मग दहन का नाही? हा प्रश्न इतर मुंबईकरांना स्वाभाविकपणे पडतो. देह उठायचा असेल तर तो शाबूत हवा, असे यामागचे कारण असावे असा सर्वसाधारण तर्क असतो. काही कॅथलिकांचाही तोच समज आहे. धर्मशास्त्र तसे म्हणत नाही. समुद्रात बुडालेल्यांचे, श्वापदांनी खाल्लेल्यांचे काय, हा प्रश्न पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनीच विचारात घेतला होता; नरभक्षकाने खाल्लेले मांस शेवटी कोणाचे, इथपर्यंत त्यांनी चर्चा नेली आहे. शून्यातून निर्माण करणाऱ्याला पुन्हा उभे करणे अशक्य नाही, असा त्यांच्या विचाराचा रोख. गिरगावपासून हाकेच्या अंतरावर, मलबार हिलच्या डुंगरवाडीत, पारशी समाज देह गिधाडांच्या स्वाधीन करीत आला. आणि जरथुश्त्री परंपराही अंती मृतांच्या उत्थानाची वाट पाहते. देहाची विल्हेवाट आणि पुनरुत्थान यांचा यांत्रिक संबंध नाही, हे दाखवायला याहून जवळचे उदाहरण नको.

दहनाला विरोध होता तो वेगळ्या कारणाने. एकोणिसाव्या शतकात युरोपातील काही चर्चविरोधी मंडळींनी पुनरुत्थानाला आव्हान म्हणून दहनाचा प्रचार केला, तेव्हा १८८६मध्ये रोमने बंदी घातली. ५ जुलै १९६३च्या आदेशाने ती उठली. दफनाला प्राधान्य, पण श्रद्धा नाकारण्याच्या हेतूने नसेल तर दहनाला मनाई नाही, अशी १९८३च्या धर्मविधानाची तरतूद आहे. रूढी कायद्यापेक्षा सावकाश बदलते, त्यामुळे मुंबईत ही मोकळीक बराच काळ कागदावरच राहिली. कोविडच्या साथीने प्रश्न ऐरणीवर आणला. ३० मार्च २०२० रोजी पालिकेने सर्व कोविड मृतांच्या दहनाचा आदेश काढला आणि काही तासांतच तो मागे घेतला. दफनास मुभा राहिली, तरी त्या काळात शहरातील काही कॅथलिक कुटुंबांनी दहन पत्करले. धर्मगुरूंनी त्याला हरकत घेतली नाही.

प्रश्न उरतो तो राखेचा. येथे मात्र रोमचा सूर आजही ठाम आहे. २०१६च्या निर्देशानुसार राख विखुरता येत नाही, नदीत किंवा समुद्रात सोडता येत नाही, घरात ठेवता येत नाही. ती दफनभूमीसारख्या पवित्र ठिकाणीच ठेवावी लागते. मृत व्यक्ती निसर्गात विरून गेली, असा अर्थ त्यातून निघू नये, हे त्यामागचे कारण. चौपाटीवर किंवा बाणगंगेवर अस्थिविसर्जन पाहत आलेल्या शहरात हा फरक ठळकपणे जाणवतो. डिसेंबर २०२३मध्ये या नियमात थोडी सैल गाठ पडली. अनेकांची राख एका सामायिक जागी ठेवण्यास, मात्र प्रत्येकाचे नाव तेथे नोंदवण्याच्या अटीवर, संमती मिळाली. तसेच मृत व्यक्तीच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या ठिकाणी राखेचा अल्प अंश ठेवण्याच्या विनंतीचा, काही अटींवर, विचार करता येईल असेही सांगण्यात आले.